नेहमीचीच जुनापाणीची फेरी, नव्यानं कशी बघायची?

काटोलनाका

नागपूरजवळच्या जुनापाणीच्या माळाची फेरी इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. काटोल रोड सोडला की गिट्टीची वाट, मग मुरमाड चढ, वर शिळावर्तुळं, पलीकडच्या अंगानं उतरून नाला आणि नाल्याच्या काठाकाठानं वावरांमधून परत. अंतर सहा किलोमीटरच्या आसपास, वेळ दीड तास. दर रविवारी ठरलेली.

अडचण अशी की फेरी आता पायांना पाठ झाली आहे. कुठं वळायचं, कुठला दगड डगमगतो हे न बघताच कळतं, आणि त्यामुळे बघणंच थांबलं आहे. कृपया दुसरी जागा सुचवू नका. पेंच, बोर ही जंगलं आपल्या जागी छानच आहेत, पण हीच वाट हवी आहे आणि हीच नीट बघायची आहे.

नेमकं विचारायचं ते हे. वेळ किंवा दिशा बदलली तर खरंच काही फरक पडतो का? शिळावर्तुळं म्हणजे नुसते गोल मांडलेले दगड, की त्यात बघण्यासारखं आणखी काही आहे? नाल्याच्या बाजूला काही जुन्या वाटा झुडपांत शिरतात आणि मग काट्यांनी बंद केलेल्या दिसतात. त्या खाजगी आहेत की पांदण, म्हणजे वावरांमधली वहिवाटीची वाट? आणि ऑक्टोबरपासून सोबत आठ वर्षांची मुलगी येणार आहे, तर कपडे-बुटांचं काय करावं?

पावशा

फरक पडतो, पण वेळ, दिशा, वेग सगळं एकदम बदलू नका. एका वेळी एकच बदला, म्हणजे कशामुळे काय दिसलं ते कळतं.

पहिली दिशा. काटोल रोड शहरातून वायव्येला जातो. सकाळी बाहेर जाताना सूर्य पाठीशी असतो. पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात, पण जमिनीला उठाव दिसत नाही. परतताना ऊन डोळ्यांवर येतं आणि नाल्याकाठचं सगळं काळं, नुसत्या आकृतीसारखं दिसतं. म्हणजे तुमच्या फेरीतली नाल्याची, सगळ्यात जिवंत बाजू तुम्ही कायम चुकीच्या प्रकाशात बघत आला आहात. चार रविवार फेरी उलटी करा. आधी नाला, मग माळ.

मग वेळ. नागपुरात जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, डिसेंबरच्या शेवटी पावणेसात उलटल्यावर. घड्याळ धरून सहाला निघालात तर जूनमध्ये उन्हात आणि डिसेंबरमध्ये अंधारात चालाल, आणि दोन महिन्यांची तुलनाच होणार नाही. घड्याळाऐवजी सूर्योदय धरा. सूर्योदयानंतर दहा मिनिटांनी पहिल्या थांब्यावर, बाराही महिने.

आता थांबे. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो. संपूर्ण फेरीत पाच जागा कायमच्या ठरवा: नाल्याचं एक वळण, पळसांचा एखादा पुंजका, वावराचा धुरा (बांध), उघडा मुरमाड तुकडा आणि वर्तुळांजवळची एक जागा. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं निश्चल उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं काहीच दिसणार नाही, कारण तुम्ही आलात म्हणून सगळे गप्प झालेले असतात. तिसऱ्या मिनिटाला चिरक पुन्हा दगडावर येऊन शेपटी उचलायला लागते, चौथ्याला गवतातून तितर बोलतो. बहुतेक लोक दुसऱ्या मिनिटाला पुढे सरकतात आणि म्हणतात, इथं काही नाही.

वहीत चारच रकाने ठेवा: तारीख, वेळ, थांबा, काय दिसलं. काहीच दिसलं नाही तर "काही नाही" असंही लिहा. सहा महिन्यांनी त्या कोऱ्या नोंदी फार बोलतात.

कुठं काय शोधायचं ते थोडक्यात. या फेरीत दोन प्रकारच्या टिटव्या असतात आणि त्या एक नाहीत. नेहमीची लाल गलोलाची (चोचीजवळच्या कातडीची) टिटवी पाण्याजवळ. पिवळ्या गलोलाची माळटिटवी कोरड्या माळावर, आणि तिचा आवाज बारीक, चिरका. माळटिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, खड्यांच्या नुसत्या खळगीत अंडी घालते. अंड्यांचा रंग मुरमासारखाच, त्यामुळे दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर ओरडत फिरायला लागला की पुढचं पाऊल टाकू नका. आलात त्याच पावलांनी मागे फिरा आणि तो तुकडा त्या महिन्यासाठी सोडून द्या.

उन्हाळ्याच्या शेवटी पावशा पक्ष्याची चढत जाणारी साद सुरू होते. पहिल्या पावसाबरोबर नाल्याच्या झुडपांत नवरंग येतो, दोन स्वरांची स्वच्छ शीळ, पहाटे आणि दिवस बुडताना. मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढू नका. विणीचा काळ असतो, तो भांडायला येतो आणि तेवढा वेळ घरटं उघडं पडतं. हिवाळ्यात तारांवर नीलकंठ आणि खाटिक. खाटिकानं बोरीच्या काट्यावर टोचून ठेवलेला नाकतोडा कधी तरी धुऱ्यावर सापडेल, मुलीला नक्की दाखवा.

झाडांसाठी एकच पळस निवडा, पाचपंचवीस नकोत. त्याचा फोटो दर रविवारी त्याच दगडावर उभं राहून काढा. जानेवारीच्या शेवटाला फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस दिसू लागतात आणि होळीच्या आसपास पानं नसलेलं झाड केशरी होतं. या दोहोंमधले आठवडे लोकांच्या नजरेतून पूर्ण निसटतात.

गारगोटी

पावशा यांच्या थांब्यांशी सहमत. पण वर्तुळांपाशी पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही, तिथं अर्धा तास द्या.

आधी पायाखालची जमीन. नागपूर शहर दोन वेगवेगळ्या खडकांच्या सांध्यावर बसलं आहे. पूर्वेकडे फार जुना पट्टेदार नाईस, पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जुनापाणी पश्चिमेच्या बाजूला. चढावर जिथं वाट कापल्यामुळे बाजूची भिंत उघडी पडली असेल तिथं थांबा. बेसाल्ट कांद्यासारखा सोलला जातो: मधे घट्ट काळा गोटा, भोवती पापुद्रे, बाहेर पिवळट-तांबूस भुसभुशीत मुरूम. बोटानं दाबलं तर बाहेरचा पापुद्रा सुटतो, आतला गोटा हलत नाही. मुरूम पावसानं वाहून गेला की हे गोल गोटे माळावर सुटे उरतात. वर्तुळं मांडणाऱ्यांना दगड दुरून आणावे लागले नाहीत, ते असे इथंच पडलेले होते.

दगडावर बारीक भोकं दिसतील. लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती जागा. काहींत पांढरं किंवा हिरवट खनिज भरलेलं असतं. ही भोकं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

आता वर्तुळं. जुनापाणीला सुमारे तीनशे आहेत, वेगवेगळ्या गटांत विखुरलेली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या महापाषाणकालीन लोकांची ही दफनं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी इथं खणलं, नंतर १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी पद्धतशीर उत्खनन केलं. लोखंडाची अवजारं आणि काळी-तांबडी मडकी सापडली. याच काटोल रोडच्या अंगाला माहूरझरी आहे, तिथं १९७०-७२ मध्ये शां. भा. देव यांनी खणलं. म्हणजे तुमची फेरी एका सुट्या ठिकाणाची नाही, एका मोठ्या पट्ट्याचा तुकडा आहे. दक्षिणेला टाकळघाटलाही अशीच वर्तुळं आहेत. सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये ती बघून परतताना नाल्याच्या पुरात गेले. सप्टेंबर होता. पावसाळ्यात नाला ओलांडणाऱ्यांनी हे विसरू नये.

वर्तुळ ओळखायचं कसं? माळावर दगड सगळीकडेच असतात. खऱ्या वर्तुळात कडेचे दगड एकमेकांना जवळजवळ टेकलेले, साधारण सारख्या उंचीचे आणि बऱ्यापैकी बुडापर्यंत रुतलेले असतात. आतली जमीन बाहेरपेक्षा किंचित फुगलेली, कारण आत मुरूम आणि दगडगोट्यांची भर आहे. डोळ्यांना फुगवटा कळत नसेल तर उकिडवे बसा आणि नजर जमिनीच्या पातळीवर आणा. लगेच दिसतो. नुसत्या विखुरलेल्या गोट्यांत हे तिन्ही एकत्र मिळत नाही.

मग सगळ्यात सुंदर गोष्ट. काही वर्तुळांच्या काही दगडांवर माणसानं कोरलेल्या वाटीसारख्या खळग्या आहेत. काही सेंटिमीटर रुंद, उथळ, आतून गुळगुळीत आणि ओळीत. काही ठिकाणी दोन समांतर ओळी. वरची बुडबुड्यांची भोकं इथं फसवतात. ती वेडीवाकडी, लहान-मोठी, कुठंही असतात आणि काठ खरबरीत असतात. कोरलेली खळगी साधारण एकाच मापाची असते आणि तिला शेजारीण असते. एकटी खळगी दिसली तर घाई करू नका, त्याच दगडाच्या बाजूंवर नजर फिरवा.

भर दुपारी या खळग्या अक्षरशः दिसत नाहीत. सूर्योदयानंतरचा पहिला पाऊण तास किंवा मावळतीआधीचा पाऊण तास हवा, प्रकाश दगडाला घासून गेला पाहिजे. ढगाळ दिवशी टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. दर महिन्याला वेगळे दगड उजेडात येतात. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेकडून उगवतो आणि डिसेंबरमध्ये २५ अंश दक्षिणेकडून, म्हणजे दोन टोकांत ५० अंशांचा फरक. जो दगड जूनच्या सकाळी सपाट वाटतो तोच डिसेंबरमध्ये बोलू लागतो. काटोलनाका भाऊ, तुमचा "वेळ बदलून काय होतं" हा प्रश्न इथं आला की त्याचं उत्तर मोजून मिळतं.

खळग्यांत खडू, हळद, पीठ, पाणी काहीही भरू नका. फोटोसाठी लोक करतात, पण दगडाच्या छिद्रांत ते राहून जातं. जागा संरक्षित स्मारक आहे. दगड हलवणं, खापरी उचलून नेणं, नाव कोरणं हा १९५८ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण शिक्षेपेक्षा मोठं कारण हे की खापरी जिथं पडली आहे त्या जागेमुळेच तिला अर्थ असतो. घरी आणली की ती नुसता मडक्याचा तुकडा होते.

सर्व्हे नंबर

वाटांच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात आहे, अंदाजात नाही.

दोन नकाशे लागतात. एक भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. जुन्या क्रमांकांत नागपूर ५५ ओ/४ मध्ये येतं. पण जुनापाणी ७९ अंश रेखांशाच्या अगदी काठावर असल्यामुळे शेजारचा ५५ के/१६ सुद्धा हाताशी ठेवा, नाहीतर फेरी अर्ध्यात कागदाबाहेर जाते. या नकाशावर उतार आणि नाले समजतात. माळावर सहज पाठ झालेला "एक चढ" प्रत्यक्षात दोन टप्प्यांचा आहे हे समोच्च रेषा बघितल्या की कळतं.

दुसरा गावनकाशा. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात नक्कल मिळते. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी घरबसल्या दिसतात, पण जुन्या वाटा बघायला मूळ गावनकाशाच बरा. त्यात तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. बंद दिसणारी तुमची वाट या दोन्हींपैकी एखाद्या रेषेवर येत असेल तर तिची जमीन एखाद्या सातबाऱ्यात पोटखराब (लागवडीत न धरलेली) म्हणून असली तरी ती वहिवाटीची वाट आहे. रेषाच नसेल, तर ती शेतकऱ्यानं स्वतःच्या सोयीला पाडलेली वाट आहे आणि विचारल्याशिवाय शिरू नये.

जागेवर जुनी पांदण ओळखायला तीन खुणा पुरतात. तिची जमीन दोन्हीकडच्या वावरांपेक्षा खाली गेलेली असते, पिढ्यान्‌पिढ्या बंडीची चाकं आणि पावसाचं पाणी एकाच चरातून गेल्यामुळे. दोन्ही कडांना बोर, हिवर, बाभूळ, सीताफळ अशी कुणी न लावलेली झाडं रांगेत असतात. आणि ती कधीच अधांतरी संपत नाही. विहीर, देवस्थान, नाल्याचा उतार किंवा दुसरं गाव, कुठं तरी पोचतेच. झुडपांत शिरून नाहीशी होणारी वाट नाल्याच्या पलीकडच्या काठावर त्याच रेषेत शोधा. बहुतेक वेळा सापडते.

काट्या टाकून बंद केलेली प्रत्येक पांदण अतिक्रमण नसते, हे आवर्जून सांगतो. उभ्या पिकात ढोरं शिरू नयेत म्हणून शेतकरी बोरीची फांदी आडवी टाकतात. सोयाबीन निघालं, कापसाच्या वेचण्या झाल्या, तूर कापली की फेब्रुवारीत तीच वाट मोकळी होते. त्यामुळे फेरी दोन रूपांत आखा: जून ते जानेवारी एक, फेब्रुवारी ते मे दुसरी. फांदी हलवली तर पलीकडे गेल्यावर होती तशीच परत टाका, बुंधा ज्या बाजूला होता त्याच बाजूला.

गाडीमार्ग खरोखर नांगरून वावरात घेतला असेल तर अडथळा काढून मागायचा रस्ता तहसीलदारांकडून जातो, १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली. पण तो अर्ज ज्याचं वावर अडलं त्या शेतकऱ्याचा असतो. फिरायला येणाऱ्यानं बांधावर उभं राहून कायदा सांगू नये. नमस्कार करून "ही पांदण पुढं कुठं निघते जी?" एवढं विचारलं की वाटही मिळते आणि वाटेचं नावही. ती नावं कुठल्याच नकाशात नसतात, म्हणून वहीत उतरवा.

फोनवर फेरीची रेघ नोंदवत असाल तर बॅटरी वाचवण्याचा पर्याय बंद ठेवा. चालू असला की फोन मधेच नोंद थांबवतो आणि नकाशावर तुम्ही नाल्यावरून उडत गेल्यासारखी सरळ रेघ येते. शिवाय पावलं मोजायला शिका. लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधल्या अंतरात तुमची डाव्या पायाची पावलं किती पडतात ते एकदा मोजून ठेवा आणि दहानं भागा. तो शंभर मीटरचा आकडा फोन बंद पडल्यावरही सोबत राहतो.

वावरवाली

मुलगी ऑक्टोबरमध्ये येणार आहे म्हणून आधी कुसळ.

माळावरचं कुसळी गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकतं. त्याच्या बीला एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार टोक, मागे उलटे केस आणि त्यामागे लांब शेपटी. शेपटी वाळली की पीळ घेते, ओली झाली की पीळ सोडते. दवानं भिजून उन्हात वाळताना ती गिरमिटासारखी फिरते आणि बी मातीत शिरते. मातीऐवजी मोजा मिळाला तर मोज्यात, आणि मोज्यानंतर घोट्यात. मुलीला हे दाखवायचं असेल तर एक कुसळ तळहातावर ठेवा आणि शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडा. ते तिथल्या तिथं वळायला लागतं.

लोकरी किंवा जाड सुती मोजे या दिवसांत नकोत, त्यात कुसळं घट्ट बसतात. गुळगुळीत नायलॉनची पूर्ण पँट, पायाशी इलास्टिक, बूट घोट्यापर्यंतचे. मोज्यात शिरलेलं कुसळ मागे ओढू नका, उलटे केस धाग्यात अडकतात आणि टोक आत तुटतं. मोजा काढा, टोक ज्या बाजूला निघालं आहे त्याच बाजूनं चिमटीत धरून आरपार ओढा. सोबत कुत्रा असेल तर घरी आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या तपासा. कानात गेलेलं कुसळ स्वतः काढायला जाऊ नका, सरळ डॉक्टर.

आता माती. चढावर मुरूम, पायथ्याला काळी. ही हद्द एका पावलात बदलते. काळी माती पाण्यानं फुगते आणि चिकटते. चांगला पाऊस होऊन गेल्यावर दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय नाल्याकाठच्या वावरांतून जाऊ नका. दहा पावलांत प्रत्येक बुटाला मातीचा लादा चिकटतो, आणि लहान मुलाचा तर बूटच मागे राहतो. शिवाय ओल्या वावरात पाय पडला की तिथली माती दबून वाळल्यावर दगड होते, ते नुकसान शेतकऱ्याचं. पावसाळ्यात तरोटा (टाकळा) दाट उगवलेली कड शोधा, ती बहुधा मुरमाड आणि चालण्याजोगी असते. पावसाच्या सुरुवातीचा कोवळा तरोटा भाजीला चालतो, पण रस्त्याच्या कडेचा आणि फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचा अजिबात घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये त्याच काळ्या मातीत पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, वर वाळलेला पालापाचोळा बसतो आणि घोटा मुरगळतो.

पहिल्या एक-दोन पावसांनंतर, मुरमावर सकाळी नऊच्या आत, मृगाचे किडे बाहेर येतात. लालभडक, मखमलीचे. थोडेच दिवस असतात. हातावर घ्यायला हरकत नाही, डबीत भरून नेऊ नका.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली झाडलेली, कधी पाचोळा जाळून स्वच्छ केलेली जमीन दिसली तर तिच्यावरून चालू नका. फुलं पहाटे गळतात आणि वेचणारी माणसं उजाडायच्या आत तिथं असतात. तो त्यांचा वर्षभराचा पैसा आहे. धुमसणारा पाचोळा दिसला आणि आसपास कुणीच नसेल तर वन विभागाच्या १९२६ वर कळवा.

तारांबद्दल अगदी स्पष्ट सांगते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला वावराभोवती झटका मशीन लावतात. बॅटरीची पेटी, सोलर पॅनल आणि टिकटिक आवाज असतो. तो झटका दुखतो. खरी भीती थेट लाइन जोडलेल्या तारेची. ती बेकायदा आहे, तिला पेटी नसते, आवाज नसतो, आणि डुकरासाठी लावलेली असल्यामुळे जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर असते. अंधारात टोंगळ्याखाली (गुडघ्याखाली) येणारी कुठलीही तार दिसत नाही. म्हणून दिवस पुरता उजाडल्याशिवाय आणि दिवस बुडल्यावर वावराच्या कडेनं चालायचं नाही. पावशा भाऊ, सूर्योदयानंतर दहा मिनिटांचा नियम माळासाठी ठीक आहे. फेरी उलटी करून नाल्याकडून सुरू केली तर वावरांतून जाणं पहाटेच्या अंधुक उजेडात येतं. तेव्हा निघणं अर्ध्या तासानं पुढं ढकला.

दगड उलटे करू नका. खाली फुरसं हा विषारी साप असतो, हाताएवढाही नसतो आणि मुरमात मिसळून जातो. चावलाच तर पळू-चालू द्यायचं नाही, अंगठी-पैंजण काढायचे, पाय किंवा हात फळकुटाला बांधून स्थिर ठेवायचा, चिरायचं नाही, करकचून आवळायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं. गोरेवाड्याचं जंगल जवळच आहे, बिबट्याचा वावर धरूनच चाला. कानात इअरफोन नको आणि मुलगी कायम दोन मोठ्यांच्या मधे. जंगलाचं कुंपण दिसलं की तिथूनच मागे.

मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत सकाळी आठच्या आत परत. नागपूरचा पारा २०१३ च्या मेमध्ये ४७.९ पर्यंत गेला होता, आणि उघडा काळा दगड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. माणशी तासाला हिवाळ्यात अर्धा लिटर, उन्हाळ्यात एक लिटर पाणी. ओआरएसच्या पुड्या नसतील तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ.

काटोलनाका

मनापासून आभार. गावनकाशाच्या नकलेसाठी अर्ज करतोच आहे. फेरी उलटी, सूर्योदयानंतर पाऊण तासानं नाल्यावर, असं धरतो. मग वर्तुळांवर पोचेपर्यंत खळग्यांचा प्रकाश निघून गेलेला असेल, नाही का? आणि मुलीला एखादं वर्तुळ मोजायला द्यायचं आहे. मोजपट्टी न्यावी का?

पावशा

वावरवाली ताईंचं बरोबर आहे, तारांचा मुद्दा माझ्याकडून सुटला. दोन्ही एका सकाळी साधणार नाही. एका रविवारी उलटी फेरी पक्ष्यांसाठी, दुसऱ्या रविवारी सुलटी दगडांसाठी. वहीत वर तसं लिहा म्हणजे नोंदी मिसळणार नाहीत.

गारगोटी

मोजपट्टी नको. ती दगडांवर टेकते, ओढली जाते, आणि बरोबर मध्यातून आडवी धरायला आत जावं लागतं. मुलीला वर्तुळाच्या बाहेरून, दगडांना हात न लावता, पूर्ण फेरी मारू द्या आणि पावलं मोजू द्या. आठ वर्षांच्या मुलीचं पाऊल अर्ध्या मीटरच्या आसपास पडतं, पण आधी रस्त्यावर वीस पावलं टाकून, अंतर मोजून खात्री करा. समजा फेरीला ६६ पावलं लागली, तर परीघ ३३ मीटर. ३.१४ नं भागलं की व्यास साडेदहा मीटर.

मग ती वर्तुळाच्या बाहेरूनच, समोरासमोरच्या दोन दगडांमधल्या रेषेला समांतर सरळ चालून तो व्यास वेगळा मोजेल, आधी पूर्व-पश्चिम आणि मग उत्तर-दक्षिण. दोन्ही आकडे साडेदहाच्या जवळ आले तर वर्तुळ शाबूत आहे. एक खूप कमी आणि एक जास्त आला तर कुठला दगड सरकला आहे ते शोधायला सांगा. सरकलेल्या दगडाच्या बुडाशी बहुधा ताजा मुरूम दिसतो आणि मातीत रुतलेला भाग फिकट असतो. सापडला तर फोटो काढून तारखेसह ठेवा, दगड मात्र तिथंच राहू द्या.